कुलूप लावून निघून गेलेला माणूस

शाळेत निकालपत्रकाची वही एकच असते. एका शिक्षकाने गुण भरायला ती घेतली की दुसऱ्याला थांबावे लागते. थांबणे कंटाळवाणे असले तरी त्यात गोंधळ नसतो. वही कोणाकडे आहे हे शिक्षकखोलीत विचारले की कळते. संगणकावरच्या सामायिक मजकुराचे तसे नाही. तिथे दोघांसमोर एकच पान एकाच वेळी उघडे असू शकते. दोघेही दुरुस्ती करतात. जो नंतर जतन करतो त्याची प्रत आधीच्याची दुरुस्ती पुसून टाकते, आणि काही पुसले गेले हे कोणालाच कळत नाही.

मजकूर साठवणाऱ्या कोठारांसाठी जावा भाषेत एक सामायिक नियमपुस्तक आहे. जेएसआर-170 ही त्याची पहिली आवृत्ती 2005 साली आली, तर जेएसआर-283 ही दुसरी 2009 साली. अपाची जॅकरॅबिट हे या नियमांनुसार बांधलेले एक कोठार. यातला मजकूर झाडासारखा फांद्या-उपफांद्यांत मांडलेला असतो. फांदीला कुलूप लावले की इतरांना ती वाचता येते, बदलता येत नाही. कुलूप एकट्या फांदीला लावता येते किंवा तिच्याखालच्या साऱ्या उपफांद्यांसकट. एवढा भाग विचारपूर्वक केलेला आहे, यात शंका नाही.

अडचण कुलपाच्या आयुष्याची आहे. नियमपुस्तक दोन प्रकारची कुलपे देते. पहिले ‘सेशन’ला बांधलेले. सेशन म्हणजे कोठारात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतची बैठक. बैठक संपली की हे कुलूप आपोआप निघते. दुसरे खुले कुलूप. ते बैठक संपली तरी राहते. ते काढायला टोकन नावाचा बिल्ला लागतो, आणि हा बिल्ला नव्या बैठकीत सोबत नेता येतो.

कागदावर हे सुबक दिसते. आता हेच कोठार वेबपानामागे ठेवून पाहू. वेबचा एचटीटीपी हा संकेत स्वभावतः विसराळू आहे. एका विनंतीला उत्तर दिले की त्याच्या लेखी तो विषय संपला. त्यामुळे अनेक कार्यक्रम प्रत्येक विनंतीला नवी बैठक उघडतात आणि लगेच बंद करतात. म्हणजे पान संपादकाच्या पडद्यावर पोचते न पोचते तोच पहिल्या प्रकारचे कुलूप निघालेले असते! मग बिल्ल्याचे कुलूप वापरावे, तर बिल्ला ठेवायचा कुठे? बहुधा वेब सर्व्हरच्या तात्पुरत्या स्मृतीत. संपादक जेवायला गेला, मुदत संपली, स्मृती पुसली गेली, की बिल्ला हरवतो आणि कुलूप तसेच राहते.

आमच्या एका सामायिक प्रश्नसंचात हेच घडले. एका प्रश्नातली आकड्याची चूक सर्वांना दिसत होती, पण सहकाऱ्याने पान उघडले आणि वीज गेली. पुढचे चार दिवस ती चूक कोणालाही सुधारता आली नाही. त्या काळात तो प्रश्न दोन वर्गांत विचारलाही गेला.

नियमपुस्तकाच्या लेखकांना याची कल्पना नव्हती असे नाही. अशा अनाथ कुलपांची साफसफाई करण्यासाठी काही खास वापरकर्त्यांना बिल्ल्याशिवाय कुलूप काढण्याची मुभा देता येईल, असे त्यांनी स्वतःच सुचवले आहे. माझा आक्षेप नेमका इथे आहे. कुलपे अनाथ होणार हे ठाऊक असूनही 2005 च्या आवृत्तीत कुलूप मागणाऱ्याला ‘मला तासभर हवे’ असे सांगण्याची सोय नव्हती. वस्तुतः वेबडॅव या संकेतात मुदतीची विनंती 1999 पासून करता येत होती. 2009 च्या आवृत्तीत मुदत आली आणि कुलूप कोणाचे याची टीप ठेवण्याची सोयही आली. सुधारणा चांगली, पण ही मुदत केवळ सूचना आहे. ती पाळण्याचे बंधन कोठारावर नाही.

मूळ चूक मला वेगळीच वाटते. माणसाचे काम बैठकीइतके छोटे नसते आणि बिल्ला सापडेपर्यंत लांबणारेही नसते. त्याचे आयुष्य तिसरेच असते, आणि नियमपुस्तकाने ते यंत्राच्या मापाने मोजले.

याच पुस्तकात एक कमी गाजलेली सोय आहे. आपण वाचल्यानंतर ती गोष्ट दुसऱ्याने बदलली असेल, तर जतन करताना कोठार तक्रार करू शकते. विकिपीडिया याच धर्तीवर चालतो. तिथे संपादन करताना पानाला कुलूप लागत नाही. जतन करतेवेळी दोन दुरुस्त्या आपोआप जुळल्या तर ठीक, नाहीतर संघर्ष झाल्याचे सांगून दोन्ही मजकूर समोर ठेवले जातात. ही पद्धत सर्वत्र चालेल असे नाही. चित्रासारख्या ज्या गोष्टी ओळीओळीने जुळवता येत नाहीत, तिथे कुलूपच बरे. पण साध्या मजकुरासाठी आधी तपासणी आणि अगदी गरज पडली तरच मुदतीचे, नाव लिहिलेले कुलूप, हा क्रम शहाणपणाचा.

वर्गात हे करून पाहता येईल. एकाच परिच्छेदाच्या दोन प्रती दोन मुलांना दुरुस्तीला द्या आणि मूळ कागद फळ्याजवळ ठेवा. आधी ‘शेवटी येईल त्याची प्रत खरी’ हा नियम लावा, मग कुलपाचा, मग तपासणीचा. कुलपाच्या फेरीत कागद घेतलेल्या मुलाला मुद्दाम पाणी प्यायला पाठवा. बाकीची मुले काय म्हणतात ते ऐका. कुलपाचे नियम लिहिणाऱ्यांनी ऐकायला हवे होते ते हेच.