नदी आहे, मासा कुठे?

आपल्या ललित वाङ्मयात नद्या पुष्कळ आहेत. कुणी माता आहे, कुणी तीर्थ आहे, कुणी विरहिणी. त्यांच्या पाण्यात चंद्रबिंब पडते, दिवे सोडले जातात. मासा मात्र क्वचितच दिसतो. कुरखेड्याला सतीच्या काठी उभे राहिले म्हणजे ही उणीव फार जाणवते. सतीचे पाणी खोब्रागडीच्या वाटेने वैनगंगेला जाते. शिवनी जिल्ह्यात उगवलेली वैनगंगा पुढे वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत मिळते. याच वाटेने पावसाळ्यात मासा वर चढतो. तो प्रवास कोणी लिहिला?

अशा वेळी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) आठवतात. येथून फार दूर नसलेल्या नवेगावबांधच्या अरण्याने त्यांच्या लेखणीला शब्द पुरवले. २००५ सालच्या ‘चकवाचांदण’ या आत्मचरित्राचे नावच मुळी घुबडाच्या स्थानिक नावावरून आलेले. रानातल्या माणसाच्या तोंडचा शब्द प्राण्याचा स्वभाव सांगतो, ही त्यांची मराठीला मोठी देणगी. तरीही त्यांचे पुस्तक मिटल्यावर माझ्या मनात उरतो तो पक्षी. दोष एकट्या त्यांचा नव्हे. पक्षी पाहायला मान वर केली की पुरते. माशासाठी पाण्यात उतरावे लागते. तेथे उतरतो तो ढिवर, आणि त्याच्या हाती जाळे असते, लेखणी नसते.

वास्तविक विषय किती रसाळ! सैबेरियातील ओब नदी हिवाळ्यात गोठते, बर्फाखाली प्राणवायू आटतो आणि मासे जिवंत झऱ्यांच्या तोंडाशी गोळा होतात. आपल्याकडे हेच उन्हाळा घडवतो. धार तुटते, मासे डोहांत कोंडतात. मरळ तर पाण्यावर तोंड काढून हवाच घेते आणि आपल्या पिलांच्या थव्याची राखण करते. एवढे नाट्य कोणत्या कथेत कमी पडेल?

लिहिण्याची घाई एवढ्यासाठी की वाटा अडत आहेत. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ साली झाली. चामोर्शीजवळ चिचडोहचा बंधारा झाला. २०१९ साली गोदावरीवर मेडीगड्डा उभे राहिले. चढणीचा मासा भिंतीशी थांबतो. मासा गेला की जाळे जाते, आणि जाळ्यामागोमाग ढिवराच्या घरातले शब्द.

कोशात नाव टिकेल; पण नाव घेणारा टिकला नाही, तर ते वाळवून ठेवलेल्या मासळीसारखेच. आमच्या लेखकांनी चंद्रबिंबाखाली जरा वाकून पाहावे.