पडद्याचे चित्र आणि झाकलेली नावे

तीर्थपुरी हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले बाजाराचे गाव. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात येत असल्याने आसपास ऊस पुष्कळ. मागल्या हिवाळ्यात या परिसरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षकांबरोबर दोन दिवस काम करण्याचा योग आला. विषय होता संगणकाच्या मदतीने विज्ञान आणि संख्याशास्त्र शिकवणे. तिथे एका सरांनी तयार केलेले चार पानी टिपण माझ्या हाती आले आणि ते पाहून मी खूश झाले. गुणांच्या तक्त्यावरून स्तंभालेख कसा काढावा, हे त्यांनी संगणकाच्या पडद्याची आठ चित्रे घेऊन दाखवले होते. प्रत्येक चित्रावर लाल बाण, बाणाशेजारी गोलातला क्रमांक, आणि खाली त्या क्रमांकाची एकेक ओळ. वीज गेली तरी वाचता येईल, फळ्याशेजारी चिकटवता येईल, मागच्या पानावर पुन्हा जाता येईल, असे हे साधन. चलचित्रात सांगणारा पुढे निघून जातो. कागदावरचे चित्र आपल्यासाठी थांबून राहते.

हे टिपण त्यांनी 'ग्रीनशॉट' नावाची प्रणाली वापरून केले होते. त्याच प्रणालीची बरीवाईट बाजू येथे मांडते आहे, कारण बऱ्याच शाळांतून ती किंवा तिच्या जातीची एखादी प्रणाली आता वापरात आहे.

ग्रीनशॉट ही विंडोजवर फुकट मिळणारी, मुक्त परवान्याची प्रणाली. २००७ च्या सुमारास तिचे काम सुरू झाले. आकाराने लहान असल्याने जुन्या, मंद संगणकावरही ती कुरकुर करत नाही. कळफलकावरची 'प्रिंट स्क्रीन' कळ दाबली की पडद्यावर आडव्याउभ्या दोन रेषा येतात. माऊसने हवा तेवढाच भाग निवडायचा. कडा अचूक धरता यावी म्हणून शेजारी एक छोटे भिंगही उमटते. निवडलेला भाग तिच्याच संपादकात उघडला की बाण, चौकट, मजकूर, संवादाचा फुगा आणि आपोआप वाढत जाणारे क्रमांक अशी हत्यारे हाताशी असतात. क्रमांकांची सोय मला विशेष आवडली. मधली एखादी पायरी काढून टाकली तर पुढचे आकडे आपोआप सरकतात. ज्याने हाताने आकृत्यांना क्रमांक देऊन, खोडून, पुन्हा दिले आहेत त्याला याचे मोल कळेल. चित्राची कड फाटक्या कागदासारखी दाखवण्याचीही एक करामत तिच्यात आहे. तिचा उपयोग मला अजून समजलेला नाही.

बाण मात्र जपून वापरण्याची वस्तू आहे. माझा निम्मा दिवस सूक्ष्मदर्शकाखालची छायाचित्रे पाहण्यात जातो. आमच्याकडे कोणी कोपऱ्यात मोजपट्टीची रेघ नसलेले छायाचित्र आणले तर त्याच्याशी पुढे बोलणेच होत नाही, कारण अमुक पेशी केवढी हे त्यावरून सांगताच येत नाही. पडद्याच्या चित्राला हीच शिस्त लावायला हवी. त्याच शिबिरात एका बाईंनी 'स्टेलॅरियम' या तारांगण प्रणालीतून आकाशाचे चित्र घेतले आणि बाण काढून लिहिले, 'हा गुरू'. कोणत्या गावाहून, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या दिशेला तोंड करून? निवडीची चौकट ओढताना त्यांनी प्रणालीची खालची पट्टी वगळली होती आणि स्थळ-वेळ नेमकी तिथेच लिहिलेली होती. चित्र देखणे झाले होते, पण निरीक्षण म्हणून निकामी. मुले महिन्याभराने ते घेऊन अंगणात उभी राहिली तर गुरू सापडेल, पण चित्रातल्या जागी सापडणार नाही.

या बाबतीत ग्रीनशॉट आपल्याला थोडी मदत करते. चित्र साठवताना ती फाईलच्या नावात तारीख, वेळ आणि ज्या खिडकीचे चित्र घेतले तिचे शीर्षक आपणहून घालते. प्रयोगवहीत वर डाव्या कोपऱ्यात दिनांक लिहायची सवय लावणाऱ्या शिक्षकांना हे पाहून बरे वाटेल.

कापलेल्या चित्रांचा त्रास शासन निर्णयांच्या बाबतीत तर आपण रोज अनुभवतो. निर्णयाचा एकच परिच्छेद, त्यावर पिवळा पट्टा, आणि वर 'अत्यंत महत्त्वाचे'. निर्णयाचा दिनांक आणि संकेतांक कापलेला. संकेतांक असता तर शासनाच्या संकेतस्थळावर मूळ निर्णय दोन मिनिटांत काढता आला असता आणि पुढच्याच परिच्छेदातला अपवादही दिसला असता. शिवाय चित्रातला मजकूर शोधता येत नाही, उतरवून घेता येत नाही. दृष्टिहीन विद्यार्थी किंवा शिक्षक पडदावाचक प्रणाली वापरत असेल तर तिलाही तो सहसा वाचता येत नाही. मजकूरच पाठवायचा असेल तर मजकूर पाठवावा.

आता चित्राच्या प्रकाराविषयी थोडे. ग्रीनशॉट चित्रे 'पीएनजी' प्रकारात साठवते. यात एकही बिंदू बदलत नाही. 'जेपीईजी' हा प्रकार छायाचित्रांसाठी घडवलेला. त्यात चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे तुकडे करून, डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा टाकून दिला जातो. आकाश, चेहरा, शेत यांना ते चालते. पांढऱ्यावर काळे अक्षर आले की कडांभोवती मळकट ठिपके उमटतात, आणि आपल्या लिपीत ठिपक्याला अर्थ असतो! अनुस्वार आहे की मळ, हे ठरवणे कठीण होते. व्हॉट्सॲपवरून चित्र 'फोटो' म्हणून पाठवले की ते लहान होऊन याच प्रकारात जाते, आणि वर सांगितलेले तारीख-वेळेचे फाईलनावही गळून पडते. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे; मूळ फाईल नावासकट जशीच्या तशी पोचते.

इथवरच्या तक्रारी सवयीने दूर होण्यासारख्या आहेत. पुढची तशी नाही.

सरांच्या टिपणातला गुणांचा तक्ता खरा होता. अकरावीच्या ४१ विद्यार्थ्यांची नावे आणि ५० पैकी गुण, गुणांच्या उतरत्या क्रमाने. खरी आकडेवारी घेतली की मुलांना रस वाटतो, हा त्यांचा विचार योग्यच. नावे उघडी ठेवू नयेत याचेही भान त्यांना होते. ग्रीनशॉटमध्ये झाकण्याचे एक हत्यार आहे. त्याची चौकट नावांच्या स्तंभावर ओढली की अक्षरांच्या जागी करड्या चौकोनांची जाळी येते. तसे करून त्यांनी टिपण वर्गाच्या गटावर पाठवले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत अकरावीतली एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, ती नावं वाचता येतात." तिच्या वहीत ४१ पैकी ३६ नावे गुणांसमोर लिहिलेली होती.

मी तिला कसे केले ते विचारले. सुरुवात डोळ्यांनीच झाली होती. सर्वांत लांब नाव कोणाचे हे वर्गात सगळ्यांना माहीत. मग वेलांट्या. देवनागरीत शिरोरेघेच्या वर काय आणि खाली काय, याला फार महत्त्व आहे. नावाच्या शेवटी दीर्घ वेलांटी असेल तर करड्या पट्टीच्या वर डोके काढणारा एक चौकोन तिथे दिसतोच, उकार असेल तर खाली दिसतो. असे करून पाच-सहा नावे लागली. उरलेल्यांसाठी तिने संगणक कक्ष गाठला. तक्त्यात कोणता फाँट आणि कोणते माप आहे, हे त्याच चित्रात वरच्या पट्टीवर लिहिलेले होते. तिने हजेरीपटातली सगळी नावे त्याच फाँटात टाईप केली, तिथल्याच ग्रीनशॉटने चित्र घेतले, त्याच हत्याराने झाकले आणि दोन्ही जाळ्या शेजारी ठेवून पाहिल्या. चौकट एखाद्या बिंदूने सरकली की जाळी बदलते, हे तिच्या लवकरच लक्षात आले. मग तिने चौकट थोडी थोडी सरकवून पाहिली.

यातले गणित वर्गात शिकवण्यासारखे आहे. माझ्याकडील आवृत्तीत हे हत्यार मूळ मांडणीनुसार ५ बाय ५ म्हणजे २५ बिंदूंचा एक चौकोन घेते आणि सर्व बिंदूंना त्यांच्या सरासरीचा रंग देते. पांढऱ्याला २५५ आणि काळ्याला ० धरा. २५ पैकी ५ बिंदू काळे असले तर सरासरी २० गुणिले २५५ भागिले २५, म्हणजे २०४ येते. करड्या छटांचा विचार सोडला तरी ५ काळे बिंदू २५ जागांत ५३,१३० प्रकारे बसू शकतात. तेव्हा २०४ या एका आकड्यावरून मूळ रचना कळणे अशक्य. सरासरीने माहिती नष्ट होते हे खरेच आहे, आणि हत्यार बनवणाऱ्याचा भरवसा यावरच असावा. पण त्या मुलीला ५३,१३० शक्यतांमधून निवड करायचीच नव्हती. तिच्यापुढे फक्त ४१ नावे होती. झाकलेल्या पोत्याचे नुसते वजन सांगून आत काय आहे असे विचारले तर कोणी सांगू शकणार नाही. पण गावात एकूण ४१ पोती आहेत आणि प्रत्येकाचे वजन वहीत लिहिलेले आहे म्हटल्यावर प्रश्न उरतो कुठे? शिवाय ११ मापाचे अक्षर पडद्यावर सुमारे १५ बिंदू उंच भरते. म्हणजे उभ्या दिशेने तीन चौकोन आणि नावाच्या लांबीप्रमाणे आडवे दहा-वीस. एवढे तीस-साठ आकडे दोन नावांत फरक करायला पुरून उरतात.

ही युक्ती जाणकारांना नवी नाही. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील संशोधकांनी अशा रीतीने झाकलेला किंवा धूसर केलेला मजकूर संख्याशास्त्रीय पद्धतीने परत वाचता येतो हे दाखवून दिले. २०२० मध्ये 'डेपिक्स' नावाची एक प्रणाली कोणालाही वापरता येईल अशी खुली झाली. तीही मुळात अक्षरे टाईप करून, झाकून, जुळवून पाहण्याचेच काम करते. तीर्थपुरीजवळच्या त्या मुलीने यातले काही वाचलेले नव्हते.

मुलीने मला वही दाखवली ती कौतुकासाठी नव्हे. यादीतले शेवटचे नाव, ५० पैकी ७ गुणांचे, वर्गात सगळ्यांना कळले होते. तो मुलगा ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर दोन महिने फडावर होता. परत येऊन चाचणी दिली त्याला आठच दिवस झाले होते. टिपण आल्यापासून तो वर्गात आलेला नव्हता.

आता दोष कोणाचा? सरांचा म्हणवत नाही. त्यांनी झाकण्यासाठी दिलेले हत्यार झाकण्यासाठीच वापरले. माझी तक्रार ग्रीनशॉटविषयी आहे आणि तिच्यासारख्या इतरही प्रणालींविषयी आहे. बाण आणि चौकट या हत्यारांच्या रांगेत, त्याच आकाराच्या बटणावर हे हत्यार बसवलेले आहे, आणि ते दिसण्यापुरते झाकते, वाचण्यापासून वाचवत नाही, हे मी वापरलेल्या आवृत्तीत कुठे सांगितलेले आढळले नाही. भिंत आणि पडदा यांना एकच नाव दिल्यासारखे हे आहे. दुसरी गोष्ट, चित्र घेतल्याबरोबर माऊसपाशी जी यादी उघडते तिच्यात साठवा, छापा, संपादकात उघडा यांच्याच जोडीला 'इमगर' या परदेशी संकेतस्थळावर चढवण्याचाही पर्याय असतो. हात चुकला तर वर्गाचा तक्ता कुठल्या कुठे जायचा. हा भाग ऐच्छिक आहे. शाळेच्या संगणकावर प्रणाली बसवताना त्याची निवड काढून टाकावी.

कापून टाकलेला भाग तरी गेला असे समजावे का? २०२३ च्या मार्चमध्ये विंडोजच्या स्वतःच्या 'स्निपिंग टूल'मध्ये एक दोष उघडकीस आला. कापलेले चित्र जुन्याच फाईलवर साठवले तर नवी, लहान फाईल जुनीच्या सुरुवातीच्या भागावर लिहिली जाई आणि उरलेली जुनी माहिती मागे तशीच राही. तीतून कापलेल्या भागाचा काही अंश परत मिळवता येत होता. गुगलच्या पिक्सेल फोनवरही असाच दोष सापडला होता. दोन्ही दुरुस्त झाले आहेत. दुरुस्तीपूर्वी पाठवलेली चित्रे मात्र जिथे गेली तिथे आहेत. ग्रीनशॉटची स्वतःची एक फाईल असते, तीत मूळ चित्र आणि वरचे आकार वेगवेगळे ठेवलेले असतात, म्हणजे नंतर बाण हलवता यावा. कामासाठी ती सोयीची, पण दुसऱ्याला पाठवायची नाही. झाकण उचलले की खाली सगळे शाबूत.

त्या दुपारी सर, मी आणि ती मुलगी टिपण पुन्हा करायला बसलो. सर आधी गप्प होते, मग स्वतःच पुढे झाले. काळ्या भरीव चौकटीने नावे झाकून पीएनजीत साठवली तर बिंदूंच्या जागी काळेच बिंदू राहतात, सरासरीचा प्रश्नच येत नाही. पण चित्र घेण्याआधीच नावे बदलणे त्याहून बरे, यावर एकमत झाले. तक्त्यात 'विद्यार्थी १', 'विद्यार्थी २' असे लिहिले, क्रम विस्कटला, गुणही थोडे थोडे बदलले. स्तंभालेख शिकवायला एवढे पुरते. आठही चित्रे नव्याने घेतली, बाण काढले, क्रमांक टाकले. त्या मुलाच्या घरी संध्याकाळी जाऊन येईन, असे सर म्हणाले.

फाईल पाठवण्याआधी मुलीने माऊस तिच्यावर नेऊन ठेवला. नाव पूर्ण उघडले. तारीख, वेळ, आणि त्यापुढे खिडकीचे शीर्षक: सरांनी तक्ता ज्या नावाने साठवला होता ते, 'अकरावी विज्ञान कच्ची मुले'. तिने काही न बोलता कळफलक सरांकडे सरकवला.