अंधारात संपणारे स्तोत्र

स्तोत्रसंहितेतील बहुतेक विलापगीतांची वाट ठरलेली असते. 13व्या स्तोत्रातील कवी एकच व्याकूळ प्रश्न चार वेळा विचारतो आणि अवघ्या 6 वचनांत गाऊ लागतो. 88वे स्तोत्र ही वाट मोडते. त्याची 18 वचने व्याधी, आप्तमित्रांनी फिरवलेली पाठ आणि कबरीची छाया यांतून जातात व अंधारातच थांबतात. मूळ हिब्रू रचनेचा अखेरचा शब्दही 'अंधार' हाच आहे.

मग या गीताला पवित्र शास्त्रात स्थान का मिळाले? उत्तर त्याच्या रचनेत आहे, असे मला वाटते. आरंभी कवी देवाला आपला तारणारा म्हणून हाक मारतो आणि अखेरच्या वचनापर्यंत त्याच्याशीच बोलत राहतो. आपल्या आळवणीचा उल्लेख तो तीनदा करतो: रात्रंदिवस, दररोज, भल्या सकाळी. त्याचे प्रश्न बोचरे आहेत. परंतु ते ऐकणारा कुणी आहे, ही खात्री ढळलेली नाही. सांत्वनाचे शब्द नसलेल्या या काव्यातील आशा त्या संबोधनात दडलेली आहे.

दुःखाच्या घरी 'देवाची इच्छा' एवढे म्हणून आपण लवकर मोकळे होतो आणि रडणाऱ्याला आपलीच श्रद्धा उणी वाटू लागते. ख्रिस्तसभा मात्र दर शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या वारी, रात्रीच्या प्रार्थनेत हेच स्तोत्र म्हणते. पुनरुत्थानाचा रविवार पुढे असतोच. पण शुक्रवार ती घाईने ओलांडत नाही.