उंदरात रुजले तेवढेच मोजायचे?

अमेरिकेत प्रोस्टेट कॅन्सरने होणारे मृत्यू कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये गोऱ्यांच्या साधारण दुप्पट आहेत. उशिरा होणारं निदान, विम्याची अडचण ही कारणं आहेतच. पण ट्यूमरमध्येही काही फरक आहे का, हे बघायचं तर प्रयोगशाळेत त्या रुग्णांचे ट्यूमर हवेत. आणि प्रोस्टेटवरच्या पेपरांमध्ये सतत भेटणाऱ्या पीसी-३, डीयू-१४५, एलएनकॅप या तिन्ही सेल लाइन्स गोऱ्या रुग्णांच्या!

कृष्णवर्णीय रुग्णाची म्हणून 'ई००६एए-एचटी' नावाची लाइन वापरली जायची. २०१९ मध्ये तिचा डीएनए तपासला, तर त्यात पूर्वजांचा वारसा ९२ टक्के युरोपीय निघाला. म्हणजे ही लाइन एका बाजूला आणि पीसी-३ दुसऱ्या बाजूला ठेवून कुणी 'वांशिक फरक' शोधला असेल, तर त्याने नेमकं काय शोधलं? बाटलीवरचं लेबल सोडून काहीच नाही.

म्हणून पीडीएक्सकडे आशेने बघितलं जातं. रुग्णाच्या ट्यूमरचा ताजा तुकडा थेट प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात लावायचा, तो वाढला की पुढच्या उंदरांत लावायचा आणि त्यांच्यावर औषधं तपासायची. सोबत रुग्णाचं रक्त घेतलेलं असेल तर वारसाही तपासता येतो, लेबलवर विश्वास ठेवावा लागत नाही. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये खास अल्पसंख्याक रुग्णांचे पीडीएक्स बनवण्यासाठी दोन केंद्रांना पैसे दिले, एक बेलर कॉलेज ऑफ मेडिसिन आणि दुसरं यूसी डेव्हिस. पाऊल चांगलंच आहे. माझी तक्रार आहे ती यश मोजण्याच्या पद्धतीबद्दल. अमुक गटाचे इतके पीडीएक्स झाले, की विविधता वाढली असं धरलं जातं.

अडचण अशी, की सगळे ट्यूमर उंदरात रुजत नाहीत. स्तनाच्या कॅन्सरचंच बघा. ट्रिपल निगेटिव्ह ट्यूमर त्यातल्या त्यात बरे रुजतात. इस्ट्रोजेनवर वाढणारे फारच कमी. आता अमेरिकेत ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये गोऱ्या स्त्रियांच्या जवळपास दुप्पट आहे. त्यामुळे कृष्णवर्णीय स्त्रियांचे पीडीएक्स जमवायला घेतले की संग्रह ट्रिपल निगेटिव्हने भरत जाणार. पण त्यांच्यातही बहुतेकींचा कॅन्सर ट्रिपल निगेटिव्ह नसतो, हार्मोनवर वाढणाराच असतो! आणि त्या प्रकारातही त्यांचा मृत्युदर गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आहे. म्हणजे उत्तर जिथे सगळ्यात जास्त हवंय, तिथेच संग्रह रिकामा. वर एकूण आकडा मात्र छान दिसतो.

प्रोस्टेटचीही तीच गत. रुजतात ते बहुतेक पुढच्या टप्प्यातले, आक्रमक ट्यूमर. शिवाय या उंदरांना स्वतःच्या टी आणि बी पेशी नसतात, त्यामुळे दोन गटांत प्रतिकारशक्तीचा काही फरक असलाच, तरी साध्या पीडीएक्समध्ये तो दिसायची सोय नाही. मानवी प्रतिकारपेशी घातलेले उंदीर आहेत, पण ते महाग आणि किचकट.

आणि रकान्यांबद्दल थोडंसं, कारण त्यातल्या एकात आपण बसतो: 'आशियाई'. फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमात ईजीएफआर जनुकातला बदल पूर्व आशियाई रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत सापडतो. भारतीयांत त्याहून बराच कमी, पण युरोपीयांपेक्षा जास्त. एका रकान्यात दोघांना कोंबलं की हा फरक गायब. तंबाखू गालात धरून होणारा, आपल्याकडे घरोघरी माहीत असलेला कॅन्सर तर अमेरिकन संग्रहात कुठून येणार? तो इथेच, इथल्या रुग्णांच्या संमतीने बनवावा लागेल.

तर पुढच्या वेळी असा पेपर हातात आला, की आधी पुरवणी तक्ते उघडा. कोणत्या गटाच्या, कोणत्या प्रकारच्या किती ट्यूमरचे तुकडे उंदरात लावले आणि त्यातले किती रुजले, हे दोन्ही आकडे शोधा. बऱ्याचदा दुसराच सापडतो. न रुजलेल्यांची नोंद प्रयोगशाळेच्या वहीत असतेच, ती फक्त छापायची राहिलेली असते.