चंद्रलेखांचे नृत्य आणि शरीराची जात

नृत्यसमीक्षेत शरीराविषयी पुष्कळ लिहिले जाते. ते शरीर कोणाचे, हे मात्र सहसा विचारले जात नाही. महाराष्ट्रात वाडा येथे जन्मलेल्या आणि मद्रासला कर्मभूमी मानलेल्या चंद्रलेखा (१९२८-२००६) यांच्या नृत्यरचनांना हा प्रश्न विचारला पाहिजे, कारण तो पेलण्याचे बळ त्या रचनांत आहे.

१९५२ साली रायलसीमेतील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी त्या नाचल्या. यमुनेच्या भरल्या पाण्याचा अभिनय करता करता त्यांना भेगाळलेली जमीन आठवली. कला आणि जीवन यांतला हा विसंवाद त्यांना पुढे स्वस्थ बसू देईना. १९८५ च्या 'अंगिका'त त्यांनी भरतनाट्यमला योग आणि कळरिपयट्टू यांच्या शेजारी आणून उभे केले. देवकथा आणि दागिन्यांचा झगमगाट दूर सारला. २००१ च्या 'शरीर'मध्ये स्त्रीची कामशक्ती कुठल्याही देवाच्या आडोशाशिवाय रंगमंचावर आली. हा विद्रोहच होय आणि तो नाकारणे करंटेपणाचे ठरेल.

पण सदिर नाचणाऱ्या देवदासींचे शरीर अपवित्र ठरले आणि १९३० नंतर तोच नाच 'भरतनाट्यम' होऊन उच्चवर्णीय घरांत पवित्र झाला. मद्रासच्या १९४७ च्या कायद्याने मुली देवाला वाहण्याची प्रथा बंद केली, हे योग्यच झाले. परंतु नाच ज्यांचा होता, त्याच मंचाबाहेर राहिल्या. चंद्रलेखांचे गुरू एल्लप्पा पिळ्ळै याच वंशपरंपरागत कलावंतांतले. चंद्रलेखांनी भक्तीचे कवच फोडले. जात मात्र त्यांच्या रचनेच्या केंद्रस्थानी आली नाही. त्यांचा ताठ कणा ही माणसाची मूळ ऊर्जा आहे. ज्याचा कणा पिढ्यान्‌पिढ्या वाकवला गेला, ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्याने ही ऊर्जा कोठून आणावी?

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी आणि हजारो अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या ओंजळीचा विद्रोह नाट्यशास्त्रातील कोणत्याही मुद्रेत मावत नाही. रायलसीमेच्या दुष्काळात पाणी नव्हते. महाडला पाणी होते, पण शिवण्याची बंदी होती. पहिली वेदना चंद्रलेखांच्या नृत्याला भिडली, दुसरी भिडली नाही.

आपल्या नाट्यमंडळांतील, महाविद्यालयांतील तरुणांनी चंद्रलेखांकडून देव आणि अलंकार नाकारण्याचे धैर्य जरूर घ्यावे. परंतु रचना बांधताना आरंभ त्या ओंजळीपासून करावा.