झाडं मोजली, जैवविविधता मोजली का?

‘लोकसहभागातून शहरी जैवविविधता’ हा सिनॉप्सिससाठी चांगला विषय आहे. पण यावरचं आपल्याकडचं बरंच लेखन वाचताना एक अडचण येते. लोकसहभाग म्हणजे वृक्षारोपणाला आलेली माणसं, आणि जैवविविधता म्हणजे लावलेली रोपं, असं गृहीत धरलेलं असतं. मोजणी सुरू होण्याआधीच संकल्पना बदललेल्या असतात. आपल्या सातारा-सांगलीकडची उदाहरणं घेऊन बघू.

पहिली संकल्पना, लोकसहभाग. मिरज तालुक्यातल्या भोसे गावात सुमारे ४०० वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता. २०२० मध्ये गावकरी आणि पर्यावरण कार्यकर्ते उभे राहिले, प्रश्न राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांमार्फत केंद्रापर्यंत गेला आणि रस्त्याची आखणी बदलायचं ठरलं. भोसे शहर नाही, हे मान्य. पण लोकांनी आराखड्यात हात घातला तो इथे. शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिक सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. निर्णय आधीच झालेला असताना लोकांना फक्त बोलावून घेणं त्या शिडीवर खालीच राहतं. रोप कुठे, कुठलं आणि का लावायचं हे आधीच ठरलेलं असेल, तर खड्ड्यात माती लोटणाऱ्या हजार हातांनाही वरची पायरी देता येत नाही. गंमत म्हणजे ‘किती झाडं लावली?’ या रकान्यात भोसेची नोंद शून्य येईल!

कायद्याचं गणितही तपासा. शहरी भागातल्या झाडांच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि असं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची अट आली. पाऊल पुढचंच आहे. पण ४०० रोपं म्हणजे एक जुना वड नव्हे. वडाची फळं खाणारे हरियल, ढोलीतली घुबडं, परागण करणारी चिमुकली वास्प हे सगळं रोपांच्या संख्येत बसत नाही. त्यातून ती रोपं गिरिपुष्प किंवा काशीदची असली तर विषयच संपला.

दुसरी संकल्पना, जैवविविधता. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत आलं, ते झाडांमुळे नव्हे. कातळावरच्या पातळ मातीत उगवणाऱ्या फुलांमुळे. तिथे झाडं लावली तर हिरवळ वाढेल आणि विविधता घटेल. माण, जत, आटपाडीच्या माळरानांचंही तसंच. मियावाकी पद्धतीचं दाट जंगल सगळीकडे चालत नाही.

सयाजी शिंदे यांच्या ‘सह्याद्री देवराई’ने झाडाला चर्चेचा विषय केलं, हे श्रेय मोठं आहे. पण अभ्यासक म्हणून नावाकडे बघा. गाडगीळ-वर्तक यांनी १९७० च्या दशकात अभ्यासलेल्या देवराया लावलेल्या नव्हत्या. त्या नियमांनी राखलेल्या होत्या. रोपं लावता येतात. ‘इथली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही’ हा करार लावता येत नाही, तो पिढ्यांनी घडतो. म्हणून नव्या देवराईला पहिला प्रश्न हाच: नियम कोण करतं, आणि मोडला तर कोण विचारतं?

मग संशोधन कसं करायचं? तीन गोष्टी. एक, सुरुवातीची नोंद घ्या. आधी काय होतं हे माहीत नसेल तर ‘वाढ’ हा शब्द वापरू नका. दोन, हस्तक्षेप न झालेली तशीच जागा तुलनेला घ्या. तीन, निर्णयाचा माग काढा: बैठकांची इतिवृत्तं, बदललेले नकाशे, नाकारलेल्या सूचना. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नगरपालिकांनाही जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही बंधनकारक आहे. तुमच्या शहराची नोंदवही मागवा. ती कोणाला विचारून भरली, हे तपासणं हाच एक उत्तम संशोधन प्रश्न आहे.