'विज्ञाननिष्ठ' : एका शब्दाची व एका वादाची चिकित्सा

विज्ञान आणि धर्मश्रद्धा यांच्या विरोधाविषयी मराठीत जे वैचारिक लेखन झाले आहे, त्यात वि. दा. सावरकरांच्या 'विज्ञाननिष्ठ निबंधां'चे स्थान निराळे आहे. १९३० नंतरच्या दशकात मुख्यतः 'किर्लोस्कर' मासिकातून हे निबंध प्रसिद्ध झाले. त्यांची चर्चा झाली ती बहुतांशी 'गोपालन हवे, गोपूजन नव्हे' या एका निबंधाभोवती. आणि तीही स्तुती किंवा निंदा या दोन टोकांनाच. सावरकरांचे जन्मगाव भगूर आमच्या नाशिकपासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे ही दोन्ही टोके येथे जरा अधिकच वेळा ऐकू येतात. प्रस्तुत लेखाचा हेतू निराळा आहे. हा वाद मराठी भाषेत कोणत्या शब्दांनी लढविला गेला, त्या शब्दांनी त्याला कोणते रूप दिले आणि त्या रूपामुळे कोणती गोष्ट नजरेआड झाली, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निबंध 'दोन शब्दांत दोन संस्कृती' हा होय. त्यातील एक शब्द 'श्रुतिस्मृतिपुराणोक्त'. आपल्याकडील प्रत्येक पूजेच्या संकल्पात येणारे हे पद इतके परिचयाचे आहे, की त्याच्या अर्थाकडे कोणाचे लक्ष जात नाही. सावरकरांनी ते उचलून त्यात एका संपूर्ण संस्कृतीचे लक्षण पाहिले, आणि त्याच्यासमोर आधुनिक युरोपाचे लक्षण म्हणून 'अप-टु-डेट' ही कल्पना उभी केली. येथे विरोध ईश्वर आणि निरीश्वरता यांचा नाही, आत्मा आणि जडद्रव्य यांचाही नाही. तो प्रमाणाचा विरोध आहे. एका ठिकाणी विधानाचे बळ त्याच्या प्राचीनतेतून येते. दुसऱ्या ठिकाणी ते विधान उद्या सुधारता येईल या शक्यतेतून येते. युरोपात गॅलिलिओच्या प्रकरणापासून 'विज्ञान विरुद्ध धर्म' अशी जी जोडी रूढ झाली, तिच्यापेक्षा ही मांडणी अधिक मूलगामी आहे असे माझे मत आहे. मराठी समीक्षेने तिची पुरेशी दखल घेतलेली नाही.

परंतु या मांडणीला 'विज्ञाननिष्ठ' हे नाव मिळाले, आणि अडचण तेथूनच सुरू होते.

'विज्ञान' हा शब्द नवा नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात ज्ञान आणि विज्ञान ही जोडी आली आहे. शंकराचार्यांनी विज्ञानाचा अर्थ स्वानुभवाकडे नेला. ज्ञानेश्वरांनी मात्र विज्ञान म्हणजे प्रपंचाचे ज्ञान असा अर्थ केला आणि ज्ञानाची पायरी त्याच्या वर ठेवली. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, मराठी भाषेने दृश्य जगाच्या ज्ञानाला 'विज्ञान' म्हटले होते, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा भाग नाही. त्या व्यवस्थेत विज्ञान दुय्यम होते, पण शत्रू नव्हते. अर्वाचीन काळात तोच शब्द भौतिक शास्त्रांच्या अभ्यासासाठी योजला गेला, तेव्हा त्याचा विषय फारसा बदलला नाही. बदलली ती त्याची पायरी.

आता समासाचे उत्तरपद पाहू. 'निष्ठ' ज्या शब्दांच्या शेवटी येतो, ते शब्द आठवावेत : ब्रह्मनिष्ठ, धर्मनिष्ठ, कर्मनिष्ठ, राजनिष्ठ. या सर्वांत एका आश्रयाच्या ठायी अचल राहण्याचा भाव आहे. 'अप-टु-डेट' राहणे म्हणजे आश्रय बदलण्याची सतत तयारी. एकाच लेखकाने एका हाताने चलतेचे तत्त्व मांडावे आणि दुसऱ्या हाताने त्याला अचलतेचे विशेषण जोडावे, हे पाहून भाषेच्या अभ्यासकाला थांबावेसे वाटते. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा अर्थ नव्हे, हे मी वर्गात नेहमी सांगतो. तेव्हा केवळ घटकपदांवरून लेखकाला दोषी धरता येणार नाही. परंतु निबंधांचा सूर पाहिला तर 'निष्ठा' तेथे खरोखरच आहे. विज्ञानाविषयी त्यांत जिज्ञासेपेक्षा आवेश अधिक आहे. प्रयोग कसा करतात, चूक कशी सापडते, दोन शास्त्रज्ञांचे मतभेद कसे मिटतात, यांविषयी वाचकाला फार थोडे कळते. विज्ञानामुळे युरोप बलिष्ठ झाला हे मात्र पुनःपुन्हा कळते. या शब्दाचे भाग्य मोठे खरे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत जे कलम घातले, त्याच्या हिंदी पाठात 'वैज्ञानिक दृष्टिकोण' आहे, तर मराठी पाठात 'विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन' आहे. एक साधे विशेषण आणि एक निष्ठा, यांत फरक आहे.

'खरा सनातन धर्म कोणता?' हा निबंध शब्दविवेकाचा उत्कृष्ट नमुना होय. 'धर्म' या एका शब्दात किती निरनिराळे अर्थ एकत्र नांदतात, हे सावरकर प्रथम वेगळे करून दाखवितात : वस्तूचा स्वभाव, पारलौकिक विचार, आचार, निर्बंध. त्यानंतर ते म्हणतात, की यांपैकी सनातन, म्हणजे खरोखर कधीही न बदलणारे, असे काही असेल तर ते सृष्टीचे नियमच. मराठी भाषा या युक्तिवादाला अनुकूल आहे. शाळेच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात आजही आम्ल-आम्लारींचे 'गुणधर्म' असतात, आणि तो शब्द वाचताना धर्माची आठवण कोणत्याही विद्यार्थ्याला होत नाही. या युक्तिवादावर शब्दच्छलाचा आरोप करता येईल काय? न्यायशास्त्रातील वाक्छलाचे लक्षण असे, की वक्त्याने एका अर्थी योजलेला शब्द प्रतिपक्षाने दुसऱ्या अर्थी घ्यावा. सावरकर अर्थ आधी उघड करतात. म्हणून हा छल नव्हे. परंतु शीर्षकातील 'खरा' हे विशेषण जे काम करते, ते तर्काचे नसून अनुनयाचे आहे. सनातन म्हणविणाऱ्याने आपला शब्द सोडू नये, फक्त त्याचा विषय बदलावा, अशी ती योजना आहे. भाषाशुद्धीच्या चळवळीत नवे शब्द हिरिरीने घडविणाऱ्या लेखकाने येथे मात्र जुन्याच शब्दात नवा अर्थ भरण्याचा मार्ग पत्करला, हे लक्षणीय आहे.

या निबंधांतील खरी उणीव मला 'उपयुक्तता' या कसोटीत दिसते. गाय उपयुक्त आहे म्हणून तिचे पालन करावे, ती देवता नाही म्हणून पूजन करू नये, असा त्यांचा विचार आहे. येथे दोन कसोट्या एकत्र आल्या. अमुक विधान सत्य आहे काय, हा एक प्रश्न. अमुक आचार राष्ट्राला हितकर आहे काय, हा दुसरा. विज्ञानाचा संबंध पहिल्याशी आहे. दुसरी कसोटी श्रद्धावंतालाही तितकीच वापरता येते, आणि त्याने ती वापरली आहेच. उपवासाने प्रकृती सुधारते, तुळशीने हवा शुद्ध होते, असे प्रत्येक रूढीचे 'शास्त्रीय कारण' सांगण्याची आज जी हौस आहे, ती उपयुक्ततावादाचीच विरुद्ध दिशेने काढलेली मिरवणूक आहे.

'शास्त्रीय कारण' या पदाकडे जरा बारकाईने पाहावे. शास्त्र म्हणजे धर्मशास्त्रही आणि पदार्थविज्ञानशास्त्रही. एखादी गोष्ट 'शास्त्राला धरून' आहे असे पुरोहितही म्हणतो आणि प्राध्यापकही. त्याच शब्दापासून 'शास्त्रापुरते' हा शब्द निघाला, ज्यात नियम नावापुरता पाळल्याचे स्मित आहे. आणि अलीकडे तरुण मंडळी 'शास्त्र असतं ते' म्हणून त्या स्मिताचे हसू करतात. ज्या भाषेत दोन्ही प्रतिपक्ष एकाच नावाने वावरतात, त्या भाषेत सरळ विरोधाऐवजी सोयीस्कर संभ्रम अधिक होणार, हे उघड आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पंचांगाचे होय. नाशिकच्या सिंहस्थाला आधार आहे तो गुरूच्या सिंह राशीतील प्रवेशाचा. गुरूची प्रदक्षिणा पुरी होण्यास १२ नव्हे, सुमारे ११.८६ वर्षे लागतात. म्हणजे प्रत्येक फेरीस सुमारे ५० दिवसांचा फरक पडतो, आणि सात फेऱ्यांत तो जवळजवळ एक वर्षाचा होतो. हा फरक श्रद्धावंतांना ठाऊक असतो आणि मान्यही असतो. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनीच, भरला तो याच कारणाने. गोदावरीत बुडी घेणाऱ्याने त्यासाठी गुरूचे गणित नाकारले नाही. त्याने ते स्वीकारले.

मराठी प्रदेशात ही परंपरा जुनी आहे. गणेश दैवज्ञांचा 'ग्रहलाघव' शके १४४२ मधला. पुढे शतकानुशतके पंचांगे त्यावरून होत राहिली. आकाशातील ग्रह आणि पंचांगातील ग्रह यांत अंतर पडू लागले तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय वेधांवर आधारलेली 'ग्रहसाधनाची कोष्टके' १८६० मध्ये सिद्ध केली, आणि शके १७८७ पासून त्या गणिताचे पटवर्धनी पंचांग निघू लागले. पुढे टिळकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंचांगाचा आरंभबिंदू वेगळा. त्याच्या आणि इतर पंचांगांच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचा फरक राहिला. परिणामी एखाद्या वर्षी अधिक मास वेगळा पडतो, आणि कोकणातील एका घरचा गणपती शेजारच्या घरच्या गणपतीच्या महिनाभर आधी येतो. या वादात 'श्रुतिस्मृतिपुराणोक्त' म्हणून डोळे मिटण्याची वृत्ती होती, पण वेध घेऊन पाहण्याची वृत्तीही होती; आणि दोन्ही पक्षांना व्रताची तिथी चुकू नये हीच चिंता होती. सावरकरांचे दोन शब्द येथे दोन संस्कृतींत विभागून राहत नाहीत. ते एकाच जोशीबुवांच्या पडवीत शेजारी बसतात.

मग विरोध कोठे आहे? तो गणित आणि फल यांच्या सीमेवर आहे. ज्योतिषाचे गणित, संहिता व जातक असे तीन स्कंध प्राचीनांनीच केले होते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ च्या ग्रंथाचे नाव 'भारतीय ज्योतिषशास्त्र', आणि त्यातील मुख्य विवेचन गणिताचे आहे. आज तोच शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात पत्रिका येते. गणिताचा भाग 'खगोलशास्त्रा'कडे गेला. अर्थसंकोचाचे इतके परिणामकारक उदाहरण मराठीत विरळा. गणिताने मिळविलेली प्रतिष्ठा नावात शिल्लक राहिली आणि तिचा वारसा फलाने घेतला. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याची योजना आखली, तेव्हा नाव निवडले 'ज्योतिर्विज्ञान'. 'शास्त्र' पुरेसे वाटले नाही. 'विज्ञान' हवे झाले. शास्त्रज्ञांचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयात गेला, पण २००४ मध्ये तो फेटाळला गेला.

या सीमेवर नेमका प्रयोग केला तो जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी. बुद्धिमान आणि मतिमंद अशा दोन गटांतील दोनशे मुलांच्या पत्रिका जमवून त्यांतील चाळीस-चाळीस पत्रिका ज्योतिषांकडे दिल्या, आणि मूल कोणत्या गटातील ते ओळखण्यास सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. सरासरी यश ४६ टक्के. नाणे उडविले असते तर ५० च्या आसपास आले असते. येथे कोणाच्या ईश्वराला धक्का लागला नाही, कोणाच्या राष्ट्राचे हित-अहितही तपासले गेले नाही. एका विधानाला विचारले, की तू खरे आहेस काय. छत्र्यांच्या काळी गणित चुकले असे दिसल्यावर कोष्टके बदलली गेली. फल चुकले असे दिसल्यावर फलग्रंथ बदलल्याचे ऐकिवात नाही. सावरकरांच्या पहिल्या निबंधातील निकष किती अचूक होता, हे येथे दिसते. आणि उपयुक्ततेच्या निकषाने हा प्रश्न विचारताच आला नसता, हेही दिसते. ज्योतिषाकडे जाऊन मनाला धीर येतो, हे कोण नाकारील?

या प्रयोगातील एक सहकारी नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते झटले, तो त्यानंतर काही दिवसांतच वटहुकुमाच्या रूपाने आला व त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने संमत केला. त्याच्या नावात नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे. 'अंधश्रद्धा' हा शब्द नाही. कायद्याने श्रद्धेची व्याख्या करण्याचा नाद सोडला आणि अनुसूचीत कृत्ये मोजून दिली. सावरकरांना हे मिळमिळीत वाटले असते, असा माझा तर्क आहे. मला ते भाषेच्या दृष्टीने शहाणपणाचे वाटते. कारण 'अंध' हे विशेषण नेहमी दुसऱ्याच्या श्रद्धेला लागते.

'ज्योतिषशास्त्र' या शब्दाचा अर्थसंकोच नेमका केव्हा पुरा झाला, हे अजून कोणी पुराव्याने दाखविलेले माझ्या पाहण्यात नाही. जुन्या पंचांगांच्या प्रस्तावना आणि वृत्तपत्रांतील भविष्यांची सदरे कालक्रमाने लावून पाहिली, तर एम. ए. च्या प्रबंधिकेला पुरेल एवढी सामग्री तेथे निश्चित आहे. शोध छत्र्यांच्या कोष्टकांपासून सुरू करावा.